जेवणानंतर मोजलेले हिरे

कारखान्यातल्या एकाही माणसाविषयी संयोगिताला आदर नव्हता, आणि तिने तो कधी असल्याचं दाखवलंही नाही. कोल्हापुरातून हातकणंगल्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, उसाच्या दोन फडांच्या मध्ये, तो कारखाना लागे. फाटकाच्या कमानीवर सिमेंटचा एक मोठा हिरा बसवलेला होता. त्याला निळा ऑइलपेंट दिलेला. दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे निघाले आणि आता तो वांग्यासारखा दिसू लागला होता. कंपनीच्या गाडीतून उतरताना ती रोज त्याच्याकडे एकदा बघे. दिवसभराचा तिरस्कार तिथूनच अंगात भरून घ्यावा तशी.

आत हिरे पिकवत. पिकवत हा शब्द मालकांचा, विजयसिंहांचा. तीन पिढ्या ऊस पिकवला, आता हिरा पिकवतोय, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आणि समोरचा हसेपर्यंत थांबत. प्रत्यक्षात सहा यंत्रं होती. पिंपासारख्या पोलादी पोटात हायड्रोजन आणि मिथेन सोडायचा, मायक्रोवेव्हने त्याचा जांभळा गोळा पेटवायचा, आणि खाली मांडलेल्या हिऱ्याच्या पातळ बियांवर कार्बन थरावर थर बसू द्यायचा. तीन आठवड्यांनी प्रत्येक बीवर नखाएवढी चौकोनी प्लेट हाती येई. दिसायला काही विशेष नाही. धुतलेल्या काचेच्या तुकड्यासारखी.

पण वाढता वाढता हिरा कधी कधी आतून अवघडतो. बाहेरून पाण्यासारखा नितळ असतो, आणि लेसरखाली कापायला घेतला की ताडकन दोन तुकडे होतात. हा आतला ताण ओळखायला संयोगिता होती. तिच्या खोलीत रामन यंत्र होतं. हिरव्या लेसरचा किरण प्लेटवर सोडला की परत येणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा प्रकाश आपला रंग बदलून येतो. हिऱ्यात तो किती बदलायचा हे ठरलेलं आहे. पडद्यावर एक सुळका उभा राहतो, तेराशे बत्तीस पॉइंट पाचवर. हिरा आतून ओढला गेला असेल तर सुळका डावीकडे सरकतो, दाबला गेला असेल तर उजवीकडे. अर्ध्या पॉइंटाहून जास्त सरकला की संयोगिता त्या प्लेटच्या पाकिटावर लाल टिकली चिकटवी. लाल टिकलीची प्लेट कापायला जात नसे, मालकांच्या टेबलातल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जाई.

हे काम तिला सोपं वाटे, आणि ते सोपं वाटतं याचाही राग येई. भौतिकशास्त्रात ती विद्यापीठात पहिली आली होती. संशोधनाला बंगळुरूला जायचं, तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेत दोन गुणांनी हुकली. एका वर्षासाठी म्हणून इथे आली, त्याला आता चार वर्षं झाली. तिचे वडील पन्हाळ्याच्या तहसील कचेरीत लिपिक होते. रोज संध्याकाळी ताटावर बसले की ते वरच्या साहेबाचं नाव घेत आणि म्हणत, त्याला काय कळतंय. साहेब बदलत गेले, वाक्य तेच राहिलं. संयोगिता त्या वाक्यावरच वाढली. राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत ती आता एकटी जेवायची, पण वाक्य तिच्याबरोबर जेवायला असे.

विजयसिंहांना मोजमापात रस नव्हता, मोजणाऱ्या यंत्रात होता. पाहुणे आले की ते दार न वाजवता आत येत, यंत्राच्या पाठीवर म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवत आणि म्हणत, हे हिऱ्याच्या मनातलं वाचतं. दसऱ्याला त्यांनी यंत्राला झेंडूचा हार घातला, भिंगाच्या नळीला कुंकू लावलं. संयोगिता हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली आणि सगळे गेल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने ते कुंकू पुसून टाकलं. मालकांचा भाचा यशराज दोन नंबरचं यंत्र चालवी. इंजिनिअर होता, म्हणजे कॉलेजातून तसा कागद मिळाला होता. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याचे ठोके मोजून सांगे आणि तो ते दिवसातून चारदा वाचून दाखवी.

आणि तीन नंबरवर आकाराम होता.

आकाराममामा छप्पन्न वर्षांचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत पंचवीस वर्षं ओतकाम केलेला. ती फाउंड्री बंद पडल्यावर हिशेबाच्या पैशांबरोबर दोन्ही कोपरांवरचे डाग घेऊन इकडे आला. मिथेनचं सूत्र त्याला येत नव्हतं, पण जांभळ्या गोळ्याचा रंग जरा पातळ झाला तरी तो खुर्चीतून उठे. त्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. वाढ संपली की बाकीचे लोक थंड वायू सोडून तासाभरात यंत्र उघडत आणि सकाळी दहाला प्लेट संयोगिताकडे पाठवत. मामा पहाटे यंत्र बंद करी आणि त्याला हातही लावत नसे. आपोआप निवू द्यायचं. दुपारी कधीतरी उघडायचं. फाउंड्रीत ओतीव माल वाळूतच ठेवतात, घाई करून बाहेर काढला तर तो गिऱ्हाइकाकडे गेल्यावर फुटतो, हे त्याचं शास्त्र. यशराज त्याला म्हणे, मामा, हे पंपाचं केसिंग न्हाय, हिरा हाय. मामा म्हणे, तापलाय न्हवं? मग झालं.

त्यामुळे मामाची प्लेट कायम जेवणानंतर येई. तीही पाकिटातून नाही, बायकोच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात घालून. संयोगिता ती चिमट्याने उचले, दोनदा धुवी. शिवाय मामाकडे मोबाइलच्या फुटलेल्या पडद्यांतून सोलून काढलेल्या दोन काळसर फिल्मा होत्या. एकीवर एक आडवी धरली की उजेड अडतो. मध्ये प्लेट धरली आणि तिच्यात ताण असला तर तेवढ्या जागी पांढरी पिसं उमटतात. त्याला हे कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. यामागचं शास्त्र संयोगिताला पाठ होतं, म्हणून तर ते तिला जास्त खटके. त्यातून आकडा येत नाही. जत्रेतल्या डब्याला डोळा लावून चित्रं बघावीत, तसला प्रकार.

एकदा त्याने करंडा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला की ही बघितलीय, काळीभोर हाय, एक पीस न्हाय. ती म्हणाली, मग मला कशाला दाखवता? तुमच्या पडद्यावर तुम्हीच टिकली लावा.

तो हसला नाही. करंडा घेऊन गेला.

आकडा मात्र तिच्याकडे होता. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती सिलिकॉनचा एक करडा तुकडा भिंगाखाली ठेवी. सिलिकॉनचा सुळका पाचशे वीस पॉइंट पाचवर यायला हवा. इकडे तिकडे आला तर यंत्राचं माप तेवढं सरकवून जागेवर आणायचं. मापाचं माप म्हणा. ते झालं की ती वहीत बरोबरची खूण करी आणि दिवसभर पुन्हा त्या तुकड्याकडे बघत नसे. पन्हाळ्याला वडील सकाळी देवावर तांब्या ओतून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत वर्तमानपत्राकडे वळत. ते तिला लहानपणापासून हास्यास्पद वाटत आलं होतं.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने चार वर्षांपूर्वी दोन गोष्टी बजावल्या होत्या. खोलीतला एसी रात्रंदिवस चालू ठेवा, आणि प्रत्येक मोजणीआधी सिलिकॉन बघा. विजयसिंह तेव्हा म्हणाले, रात्रंदिवस एसी? मंगल कार्यालय हाय का हे? सगळे हसले. संयोगिताही हसली. सिलिकॉनचं तिने सकाळवर आणलं, कारण दर वेळी दहा मिनिटं जात आणि तिला ती दहा मिनिटं अपमानाची वाटत.

त्या उन्हाळ्यात मामाच्या प्लेटांवर लाल टिकल्या पडू लागल्या. मार्चमध्ये तीन, एप्रिलमध्ये चार. मे संपेपर्यंत बिस्किटाच्या डब्यात तीन नंबरच्या अकरा प्लेटा जमल्या. प्रत्येकीचा सुळका डावीकडे सरकलेला, एक पॉइंटाच्या आसपास. ती प्लेटवर नऊ जागी मोजमाप घेई. नऊच्या नऊ ठिकाणी तेवढाच. आणि सुळके अरुंद, टोकदार, सुईसारखे. अवघडलेल्या हिऱ्यात असं नसतं. तिथे एका कोपऱ्यात ताण जास्त असतो, दुसरीकडे कमी असतो, सुळका फुगतो, पसरतो. ही गोष्ट तिने परीक्षेत सविस्तर लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण आलेख तिने पाहिले ते मामाचे म्हणून पाहिले, आणि ओतकाम करणाऱ्या माणसाच्या हिऱ्याचं आणखी काय व्हावं, अशी तिची समजूत आधीच झालेली होती.

मेच्या शेवटच्या सोमवारी विजयसिंहांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर डबा उघडा होता, लाल टिकल्या वर आलेल्या. त्यांनी संयोगिताला विचारलं की यात काही शंका? ती म्हणाली, नाही. यशराज म्हणाला की तीन नंबरही आपणच बघू, दोन्ही शेजारी शेजारी तर आहेत. पाच मिनिटांत ठरलं. मामाचं वय झालं, भट्टीची सवय, नाजूक काम जमत नाही. एक तारखेपासून फाटकावर बसावं. काढून टाकत नाही हे उपकार आहेत, असं विजयसिंह दोनदा म्हणाले. मामा उभाच होता. त्याने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

त्याच दुपारी तो तिच्या खोलीत आला. हातात करंडा नव्हता. खुर्ची रिकामी होती, तरी तो बसला नाही.

"मॅडम, एक काम करा. यशराजची एक आन् माझी एक, दोन्ही एका बैठकीला मोजा. एका दमात. मग जे म्हणशीला ते कबूल."

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. मोजून झालेलं पुन्हा मोजत नाहीत, असं तिने सांगितलं. तो म्हणाला की त्याची सकाळी मोजतासा, माझी जेवल्यावर. फाउंड्रीत सुद्धा दोन वजनं ताडायची तर एकाच काट्यावर, एकाच टायमाला ताडत हुतो.

"मामा, हा काटा नाहीये," ती म्हणाली. "यंत्र कुणाची वेळ बघत नाही."

"यंत्र न्हाय बघत," मामा म्हणाला. "पर तुम्ही तर बघा की."

तो गेल्यावर तिने खुर्चीची पाठ पुसली, जिला त्याने हात लावला नव्हता.

एक तारखेपासून तो फाटकावर बसू लागला. खाकी सदरा त्याला खांद्यात मोठा होत होता. वांग्यासारख्या हिऱ्याखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून तो बसे आणि गाडी आली की आडवा बांबू वर करी. बाकीच्यांना हात वर करी, ड्रायव्हरला शिवी देई. संयोगिता खिडकीशी असली की तो उसाकडे बघे. तिला ते लागायचं कारण नव्हतं. तिने मनात म्हटलं, याला काय कळतंय, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते वाक्य तिला वडिलांच्या आवाजात ऐकू आलं. तोंडात घास असतानाच्या आवाजात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरतेचे एक व्यापारी आले. मोठी मागणी घेऊन आले होते, आणि माल कापायच्या आधी त्यातला ताण आपल्या डोळ्यांनी बघायचा अशी त्यांची अट होती. विजयसिंहांनी त्यांना आधी पन्हाळ्याला नेलं, तटावर फिरवलं, झुणका-भाकरी खाऊ घातली, हुपरीच्या पैंजणांचा एक जोड त्यांच्या बायकोसाठी म्हणून हातात ठेवला. या सगळ्यात सकाळ गेली. खोलीत येईपर्यंत तीन वाजले. पाहुणे बारीक चणीचे, शांत गृहस्थ होते. त्यांना फक्त यंत्र बघायचं होतं.

यशराजने आपली सगळ्यात चांगली प्लेट पुढे केली. आदल्याच दिवशी सकाळी संयोगिताने ती मोजली होती; सुळका जागच्या जागी, तेराशे बत्तीस पॉइंट पाच. तिने प्लेट भिंगाखाली ठेवली, लेसर सोडला, आणि पाहुण्यांना पडदा दिसावा म्हणून जरा बाजूला सरकली.

तेराशे एकतीस पॉइंट चार.

तिने जागा बदलली. तेवढाच. आणखी एक जागा. तेवढाच. यशराज तिच्या मानेशी येऊन उभा राहिला आणि घड्याळाने त्याचे ठोके वाढल्याचं टिक टिक करून जाहीर केलं. विजयसिंह मोठ्याने हसले आणि म्हणाले, आज जरा रुसलंय. पाहुण्यांनी हिंदीत हळूच विचारलं की कालचा आकडा कोणता होता. तिने सांगितला. एका रात्रीत हिरा एवढा बदलतो का, त्यांनी विचारलं. आवाजात कुत्सितपणा नव्हता, म्हणून ते जास्त झोंबलं.

संयोगिताने ड्रॉवर उघडला आणि सिलिकॉनचा तुकडा काढला. चार वर्षांत दुपारी तो तिने पहिल्यांदाच हातात घेतला. भिंगाखाली ठेवला. पाचशे एकोणीस पॉइंट चार.

जेवणाच्या सुट्टीत सिलिकॉनला ताण येत नाही. सरकलं होतं ते यंत्र.

बाळाबाई कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत होती. कारखान्याची झाडलोट आणि चहापाणी तिच्याकडे होतं. संयोगिताने तिला विचारलं की मावशी, दुपारी माझ्या खोलीतला एसी कुणी बंद करतं का?

"मीच करतोय की," बाळाबाई म्हणाली. "एकाची घंटा झाली की सगळ्या खोल्यांचं बंद करायचं, सवादोनला लावायचं. साहेबांनीच सांगितलंय. दिवाळीपासनं. तुम्ही यायच्या आत गारच असतंय न्हवं?"

गारच असायची खोली. संयोगिता अडीचला येऊन बसे तेव्हा कातडीला काही कळत नसे. पण यंत्राचं जाड लोखंडी अंग सव्वा तास तापत गेलेलं असे, आणि ते निवायला संध्याकाळ लागे. खोली थंड झाल्यावरही आतले आरसे आणि भिंगं केसाएवढी सरकलेलीच राहत. हिवाळ्यात फरक जाणवला नाही. उन्हाळ्यात एक पॉइंटावर गेला. आणि दुपारी तिच्याकडे येणारी प्लेट एकाचीच असे. जो आपला हिरा निवायची वाट बघत बसे त्याची.

विजयसिंहांनी तिला बाहेर व्हरांड्यात घेतलं. लेसर बिघडलाय म्हणून सांग, उद्या सकाळी दाखवू, म्हणाले. तिने विचारलं, आणि तीन नंबरच्या अकरा प्लेटा? ते म्हणाले की त्याचं काय? त्या पुन्हा मोज, चांगल्या निघाल्या तर आपलाच फायदा. आणि मामा? विजयसिंहांनी तिच्याकडे बघितलं, फुकटात मिळालेल्या वस्तूकडे बघावं तसं.

"मामा फाटकावर बसलाय, सावलीत हाय, पगार चालू हाय. यशराजनं तीन नंबर घेतलाय. आता ते परत उकरायचं न्हाय. आन् चूक कुणाची म्हणून लिहिणार तू कागदावर? तुझीच न्हवं?"

चूक तिचीच होती. एसी बंद करायचा हुकूम त्यांचा, बटण दाबणारा हात बाळाबाईचा, पण सिलिकॉनचा तुकडा ड्रॉवरमध्ये होता आणि ड्रॉवर तिचा होता. दहा मिनिटांचं काम. आतापर्यंत ज्या ज्या माणसाला तिने मनातल्या मनात अडाणी ठरवलं होतं, त्यातल्या कुणीही ते दहा मिनिटांचं काम टाळलं नसतं. मामाने तर नाहीच. तो गरम लोखंडासमोर पंचवीस वर्षं निवायची वाट बघत बसला होता.

ती परत खोलीत गेली. पाहुण्यांना म्हणाली की लेसर ठीक आहे, यंत्र तापलंय, आणि ते प्रत्येक मोजणीआधी तपासायचं काम मी केलेलं नाही. मग तिने सिलिकॉनवर माप जुळवून घेतलं, यशराजची प्लेट पुन्हा मोजली आणि मालकांच्या टेबलातून बिस्किटाचा डबा आणायला लावला. विजयसिंह दारात उभे राहिले. परक्या माणसासमोर डबा नाही म्हणणं त्यांना शोभलं नसतं.

अकराही प्लेटा मोजून होईपर्यंत पाच वाजले. दर दोन प्लेटांमागे ती सिलिकॉन ठेवत होती. अकराच्या अकरा सुळके जागेवर आले, आणि यशराजच्या सुळक्यापेक्षा अरुंद. यशराजच्या प्लेटचा सुळका एका कोपऱ्यात थोडा फुगत होता. तिने तोही दाखवला. पाहुण्यांनी लाल टिकलीचं एक पाकीट उचलून विचारलं की हे कुणी वाढवलेत? यशराजने तोंड उघडलं.

"आकाराम," संयोगिता म्हणाली. "सध्या फाटकावर असतात."

पाहुणे म्हणाले की आम्हाला माल याच हाताचा हवा, आणि वहीत नाव लिहून घेतलं. विजयसिंहांचा चेहरा आधी पडला, मग व्यवहार कळल्यावर परत जागेवर आला. सत्यामुळे नाही, मागणीमुळे. संयोगिताला त्यात नवल वाटलं नाही. तिने अकरा नवे अहवाल छापले आणि प्रत्येकाखाली एक ओळ हाताने लिहिली: आधीची मोजणी चुकीची होती, माप तपासलेलं नव्हतं, चूक माझी. खाली सही. अकराव्या वेळी अक्षर जरा बिघडलं.

मग ती चालत फाटकापर्यंत गेली. कंपनीची गाडी निघायला अवकाश होता. मामा खुर्चीत बसून तंबाखू मळत होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एसी, सव्वा तास, सिलिकॉन, अकरा प्लेटा. मध्ये एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर माफीचा शब्द सुबक करून बोलली असती. तो ऐकत होता, तळहातावरचा चुना अंगठ्याने पसरत. ती संपल्यावर त्याने चिमूट ओठाखाली ठेवली.

"म्हंजे ताप आला यंत्राला," तो म्हणाला, "आन् काढा पाजलासा मला."

त्याने चुन्याचा तळहात खाकी सदऱ्याला पुसला.

"शिकल्याली माणसं तुम्ही. आमच्यात सांगायची पद्धत हाय, कळत नसंल तर इचारावं. तुमच्यात ती न्हाय वाटतं."

तिने म्हटलं, चूक झाली मामा. तो म्हणाला की व्हय, झाली. त्यापुढे काही न म्हणता त्याने बांबू वर केला, कारण गाडी आली होती.

दोन दिवसांनी तो तीन नंबरवर परत आला. खाकी सदरा त्याने धुऊन, घडी घालून बाळाबाईकडे दिला. बाळाबाईने संयोगिताच्या खोलीतल्या एसीच्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि मालकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, आता हितं दिवसभर गार ऱ्हाणार म्हंजे मी पण जेवायला हितंच बसणार. आणि बसूही लागली. डब्यातल्या मेथीचा वास यंत्राच्या खोलीत फिरू लागला. संयोगिताने हरकत घेतली नाही. आपण काय काय पुसत आलो, हे आता तिला बरोबर आठवत होतं.

मामाच्या खोडीत काही बदल झाला नाही. पहाटे यंत्र बंद करी, निवू देई, आणि जेवणानंतर करंडा घेऊन दारात येई. आत येऊन तो आता बसे. पण करंडा लगेच पुढे करत नसे. दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवे.

"आधी तुमचं बघा," म्हणे. "मग माझं."

ती सिलिकॉनचा तुकडा काढी, भिंगाखाली ठेवी, लेसर सोडी. तो मान पुढे काढून पडद्याकडे बघत राही. त्याला इंग्रजी आकडे येत होते. फाउंड्रीत तापमान वाचायला शिकला होता. पाचशे वीस पॉइंट पाच दिसला की तो करंडा उघडून टेबलावर सारे. नाही दिसला तर सारत नसे. ती माप जुळवी आणि तो थांबे. घाई त्याला कधीच नव्हती.

जुलैत एकदा पाचशे वीस पॉइंट पाच पहिल्याच फटक्यात आला, तरी तो बसूनच राहिला. तिने विचारलं, आता काय, मामा?

"परत एकदा ठेवा," तो म्हणाला.

तिने परत एकदा ठेवला.